‘इट वॉझन्ट मी’ आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की वर्गात सिनेमा लावला म्हणजे इंग्रजी शिकवलं असं होत नाही. त्यावर पत्रांचा ढीग आला. निम्मी रागावलेली, निम्मी ‘मग करायचं काय ते सांगा’ म्हणणारी. म्हणून या वेळी सगळे प्रश्न व्हिडिओवरचेच घेतले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते: मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यानंतर पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजीचे वर्ग घेतले. भाड्याच्या व्हीसीआरपासून मोबाईलपर्यंत सगळी यंत्रं या हातांखालून गेली आहेत. त्यातली दोन बिघडलीसुद्धा माझ्याच हातून.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला शिकवतो. मुलांच्या घरी पावरी बोलतात, शाळेत मराठी, इंग्रजी तिसरी. लोकवर्गणीतून मोठा टीव्ही आला आहे. इथे नेट धड चालत नाही, म्हणून तालुक्याला जाऊन इंग्रजी गोष्टी पेनड्राइव्हवर घेऊन येतो. मुलं तासभर अगदी शांत बसून बघतात. दुसऱ्या दिवशी विचारलं तर एक शब्द सांगता येत नाही. पुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ दाखवू का? माझं चुकतंय कुठं?

सर, तुमच्या पत्रातला ‘अगदी शांत’ हा शब्द मी दोनदा वाचला. भाषेच्या तासाला मुलं तासभर शांत बसली तर ती ऐकत असतील, झोपली असतील किंवा चित्रात हरवली असतील. तुमची हरवली आहेत.

मीही हे केलेलं आहे. १९९१ साल असेल. तालुक्याहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणला, गणपतीत आणायचे तसा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववीला एक अख्खा इंग्रजी पिक्चर दाखवला. पावणेदोन तास. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सोमवारी मोठ्या उत्साहानं विचारलं, काय काय कळलं? बराच वेळ कुणी बोलेना. मग शेवटच्या बाकावरचा एक जण उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, घोडा लई भारी होता.” माझ्या पावणेदोन तासांची कमाई एवढीच. आणि घोडा हा शब्दही मराठीतला.

तेव्हापासून मी दोन मिनिटांच्या वर व्हिडिओ घेतला नाही. तासाला दोन मिनिटं. बाकीचा वेळ त्या दोन मिनिटांवर काम.

कसं ते सांगते. माझ्याकडे दीड मिनिटाचं एक कार्टून होतं. मुलगा टेबलावर उड्या मारतो, दुधाचा पेला उलटतो, दूध जमिनीवर, मांजर येऊन चाटायला लागतं, तेवढ्यात दारात आई. पहिल्या वेळी आवाज पूर्ण बंद. मुलांना विचारायचं, काय झालं? पावरीत सांगू द्या, मराठीत सांगू द्या, हातवारे करू द्या. ‘इंग्लिशमध्ये सांग’ असं इथं म्हटलंत की वर्ग पुन्हा मुका होईल.

दुसऱ्यांदा दारात आई दिसली रे दिसली की थांबवायचं. चित्र गोठलेलं. मुलाचं तोंड उघडं, आईचे हात कमरेवर, मांजराची जीभ बाहेर. आता विचारा: हा काय म्हणेल? वर्ग पेटतो. कुणी म्हणतं ‘सॉरी’, कुणी ‘मांजरानं केलं’, कुणी ‘आई, मी नाही’. प्रत्येकाला घरचा अनुभव असतोच. ते सगळं फळ्यावर लिहा, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. आणि मग, मुलांच्या मनात ते वाक्य आधीच तयार असताना, आवाज लावून फक्त ते दहा सेकंद ऐकवा: ‘इट वॉझन्ट मी!’

तीनदा ऐकवा. मुलांना सांगा, तो ‘इट – वॉझ – नॉट – मी’ असं तोडून म्हणत नाहीये. त्याच्या तोंडून ‘इट्वॉझन्मी’ असं एकच घरंगळतं, मधला ट गिळलेला असतो. पुस्तकात हा ट छापलेला असतो आणि कानाला कधी सापडत नाही. पुस्तकाला न जमणारी आणि व्हिडिओला जमणारी अशी ही एक गोष्ट.

मग अर्ध्या वर्गानं टीव्हीकडे पाठ करून बसायचं. टीव्हीकडे तोंड असलेल्यांनी पाठ असलेल्यांना काय चाललंय ते सांगत राहायचं. दूध मिल्क, मांजर कॅट, आई मदर, बाकी मराठी. चालेल. शेवटी आवाज बंद करून मुलांनीच आवाज द्यायचा, एक जण मुलगा, एक आई, एक मांजर. मांजराला सर्वांत जास्त उमेदवार असतात. दीड मिनिटाच्या चित्रावर पस्तीस मिनिटं जातात. दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं पुन्हा तेच चित्र. मुलं कंटाळतील ही भीती मास्तरांना असते, मुलांना नसते. आजीकडून रोज तीच गोष्ट मागणारी हीच मुलं आहेत.

माझ्या शाळेत हा तास झाल्यावर आठवड्याभरात पाण्याच्या टाकीचा नळ कुणीतरी उघडा टाकला. हेडमास्तर वर्गात येऊन गरजले, कुणी केलं हे? मागून आवाज आला, “इट वॉझन्ट मी, सर!” हेडमास्तरांना हसू आवरेना. ते म्हणाले, “देन हू वॉज इट?” पोरगं गडबडलं. एवढं शिकवलंच नव्हतं. पुढच्या तासाचा धडा मला तिथं आयता मिळाला.

व्हिडिओ निवडताना एक करा. आधी स्वतः आवाज बंद करून बघा. गोष्ट कळली तर तो तुमच्या वर्गाचा. कोट घातलेला गृहस्थ फळ्यासमोर उभा राहून बोलतोय असा असेल, तर तो पेनड्राइव्हवर घेऊच नका. फळ्यासमोर उभं राहायला तुम्ही आहात की.

क्यूआर कोडचे व्हिडिओ जरूर दाखवा. पाठ्यपुस्तकात कोड आणायची सुरुवात आपल्याच राज्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेतून झाली. ती करणारे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचे त्या वेळचे शिक्षक रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि ज्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. हे व्हिडिओ सरकारच्या दीक्षा अॅपवरून तालुक्याला असतानाच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी चालतील. पण तिथंही दोन मिनिटंच. बटण तुमच्याच हातात राहू द्या.

प्रश्न : वय २४, इचलकरंजी. कापडाच्या निर्यातीच्या ऑफिसात आहे. परदेशी बायर फोनवर काय बोलतो ते निम्मं कळत नाही. मित्र म्हणतात इंग्रजी वेबसिरीज बघ. सबटायटल हिंदी ठेवू, इंग्रजी ठेवू की बंदच करू?

हिंदी तर मुळीच नको. हिंदी अक्षरं समोर असली की डोळे ती वाचतात, गोष्ट हिंदीतून आत जाते आणि कान रजेवर जातात. चार सीझन संपतील, तुमचं हिंदी सुधारेल.

यावर एक नेमका प्रयोग झालेला आहे. नेदरलँड्समध्ये मिटरर आणि मॅक्वीन या दोन संशोधकांनी २००९ साली डच लोकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांचं अवघड इंग्रजी व्हिडिओवर ऐकवलं. काहींना खाली इंग्रजी अक्षरं, काहींना डच अक्षरं, काहींना काहीच नाही. नंतर त्याच उच्चारातली वाक्यं ऐकवून म्हणायला लावली. इंग्रजी अक्षरं वाचलेल्यांचे कान सुधारले होते. डच अक्षरंवाले नवीन वाक्यांत काहीच न वाचलेल्यांपेक्षाही मागे पडले. नवं काही ऐकताना मातृभाषेची अक्षरं मदत करत नाहीत, उलट आड येतात.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये प्राध्यापक झालेले ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत असताना मित्रांबरोबर स्पॅनिश सिनेमा बघत होते. सगळे स्पॅनिश शिकणारे. खाली अक्षरं इंग्रजी. स्पॅनिशच अक्षरं असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं आणि तिथून विचार आपल्या देशातल्या वाचता न येणाऱ्यांकडे वळला. १९९६ मध्ये त्यांनी ही कल्पना हाती घेतली, १९९९ मध्ये गुजरातच्या दूरदर्शनवर गाण्यांखाली त्याच भाषेतली अक्षरं दिसू लागली, मग चित्रहारवर. गाणं पाठ असतं, अक्षर गाण्याच्या तालावर रंग बदलतं, आणि वाचन सुधारतं. तुम्हाला हेच उलट्या बाजूनं करायचं आहे: अक्षर येतं, आवाज ओळखायचाय.

तर असं करा. दोन मिनिटांचा प्रसंग घ्या, दोन माणसं बोलताहेत असा. पहिल्यांदा अक्षरं बंद, नुसतं बघा. दुसऱ्यांदा वही घ्या, एकेक वाक्य थांबवून जे ऐकू येईल ते देवनागरीत लिहा. हो, देवनागरीतच. ‘व्हॉड्या वॉना डू’ असं ऐकू आलं तर तसंच लिहा. मग इंग्रजी अक्षरं लावा आणि ताडून बघा: ‘व्हॉट डू यू वॉन्ट टु डू’. सहा शब्दांचे तीन झाले होते. ‘डिड यू’चं ‘डिजू’ झालेलं सापडेल, ‘गोइंग टु’चं ‘गॉना’. अशी पंधरा-वीस गाठोडी तुमच्या वहीत जमली की बायरचा फोन हळूहळू उकलायला लागेल, कारण तोही हीच गाठोडी फेकत असतो. तुम्हाला शब्द येतात. गाठोडं सोडता येत नाही, अडचण एवढीच आहे.

शेवटची फेरी डोळे मिटून ऐकायची. फोनवर चेहरा दिसत नसतो.

यूट्यूबवर वेग पाऊणपट करता येतो, तेवढाच करा. अर्धा केलात तर सगळे दारू प्यायल्यासारखे बोलतात आणि गाठोडी पुन्हा खोटी होतात. आपोआप येणाऱ्या अक्षरांवर फार भरवसा ठेवू नका. त्या यंत्रासमोर एकदा ‘इचलकरंजी’ म्हणून बघा, म्हणजे कळेल. आणि वेबसिरीजमधला प्रत्येक तिसरा शब्द बायरला ऐकवण्याच्या लायकीचा नसतो, हे वेगळं सांगायला नकोच.

प्रश्न : माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. सून त्याला दिवसभर इंग्रजी कार्टून लावून देते. तो पाण्याला ‘वॉडर’ म्हणतो, अमेरिकन माणसासारखं. सगळे कौतुक करतात. मला मात्र काहीतरी चुकतंय असं वाटतं. मी जुन्या वळणाची आहे का? – नाशिक

आजी, वळण जुनं असेल, शंका बरोबर आहे.

अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून, पुस्तकं आणि खेळणी घेऊन बोलली. बारा बैठका. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पण पडद्यावर. पहिल्या गटातल्या बाळांना चिनीतले बारकावे ओळखता येऊ लागले. पडद्यावाल्या बाळांना काहीच आलं नाही, जणू त्यांनी चिनी ऐकलंच नव्हतं. तुमचा नातू त्या बाळांपेक्षा मोठा आहे आणि पडद्यावरून शब्द उचलतोय हे खरं. पण ‘वॉडर’ म्हटल्यावर त्याला पाणी कुणी दिलं? कार्टूननं नाही. तुम्ही दिलंत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, आणि कमी असेल तितकं बरं, असं सांगितलंय. ‘दिवसभर’ हे त्याच्या किती पलीकडे आहे ते सूनबाईंना प्रेमानं दाखवा, भांडून नको. आणि तो एक तास लावतील तेव्हा तुम्ही शेजारी बसा. इंग्रजी येत नसलं तरी चालेल. पडद्यावर बदक आलं की म्हणा, “अगंबाई, बदक! आपण गोदावरीवर बघितलं होतं ना, तसं.” मूल तुमच्याकडे बघेल, बदकाकडे बघेल, आणि दोन्ही शब्द त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी बसतील.

प्रश्न : मी पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. येमेन, सुदान, थायलंड अशा ठिकाणचे आहेत. व्हिडिओ ब्रिटिश उच्चारांचे दाखवावेत की भारतीय? आमच्या संचालकांचा भारतीय उच्चारांना सक्त विरोध आहे.

हा प्रश्न वाचून मला माझीच जुनी खोली आठवली. कोपऱ्यात व्हीसीआर, त्याचा तीन आकडी काउंटर, आणि पॉझ दाबलं की पडद्यावर थरथरणारी पांढरी रेघ. जास्त वेळ थांबवलं तर तो आपणहून बंद पडायचा. त्यामुळे माझे प्रश्न आपोआप आटोपशीर झाले.

माझे विद्यार्थी विलायती कॅसेटमधल्या लंडनच्या टॅक्सीवाल्याचं बोलणं तीन महिन्यांत समजू लागले. वर्ग संपवून बाहेर पडले की डेक्कनला रिक्षावाला म्हणायचा, “मीटर नो. वन साइड. रिटर्न हाफ एक्स्ट्रा.” आणि ते माझ्याकडे परत यायचे, मॅडम, ही कोणती भाषा? इंग्रजीच होती. त्यांना जिथं राहायचं होतं तिथली.

मग एक हँडीकॅम उसना घेतला आणि मंडईत गेले. भाजीवाल्या मावशींना विचारलं, परदेशी पोरांना शिकवायचंय, तुमचं शूटिंग करू का? त्या म्हणाल्या, कर की. केलं, दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, “आगं, पदर बघ कसा दिसतोय. पुन्यांदा कर.” दुसऱ्या टेकमध्ये त्यांनी पदर सारखा केला आणि ‘ट्वेंटी पाव, सेव्हंटी किलो, फ्रेश फ्रेश’ असं पहिल्यापेक्षा खणखणीत म्हटलं. तो व्हिडिओ मी अनेक वर्षं वापरला. पावाचा चार पट सत्तर कसा, हा गणिताचा प्रश्न एका थाई मुलीनं काढला आणि त्यावर घासाघीस शिकवता आली.

म्हणून माझं उत्तर: उद्या सकाळी ज्याच्याशी बोलायचंय त्याचा उच्चार आधी. परीक्षेचा उच्चार त्यानंतर. दोन्ही लागतात. संचालकांना सांगा की त्यांचाही उच्चार भारतीयच आहे. हे जरा जपून सांगा.

एक मात्र आहे, आणि ते मला वर्गातच कळलं. अरबी भाषेत प नाही. येमेनचा विद्यार्थी ‘पार्किंग’ला ‘बार्किंग’ म्हणायचा. मी वहीचं पान फाडून दोन बोटं रुंद पट्टी केली आणि म्हटलं, बघा, प म्हणताना हवेचा झोत येतो, तोंडापुढची पट्टी हलते. पुस्तकात तसं होतं. मी पट्टी धरली. ‘पार्क’. पट्टी जागची हलली नाही. पुन्हा म्हटलं. नाही. वर्ग बघतोय. पहिल्या बाकावर एक इराणी मुलगा होता, त्यानं पट्टी घेतली, ‘पार्क’ म्हणाला, आणि पट्टी फडकन उडाली. फारसीत प असतो आणि तो जोरदार असतो. आपला मराठी प ‘पाणी’तला, सपाट. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा प हा आपला प आणि त्यामागे अर्धा ह, असा काहीतरी असतो. इतकी वर्षं शिकवूनही माझ्या कानाला ते कळलं नव्हतं. तो येमेनी मुलगा ‘बार्क’ म्हणत होता त्यात थोडा हात माझाही असणार.

त्या दिवशी आम्ही हँडीकॅमवर सगळ्यांची नुसती तोंडं टिपली, प्रत्येकासमोर कागदाची पट्टी. आवाज बंद करून बघितलं तरी कुणाचा प आणि कुणाचा ब ते पट्टीवरून कळायचं. आता तुमच्या खिशात मोबाईल आहे, हे काम पाच मिनिटांचं आहे. मात्र चेहरे असलेले व्हिडिओ त्या विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : शाळेत मुलांना इंग्रजी चित्रपट दाखवायला परवानगी लागते का? पालकांनाही बोलवायचं आहे. – एक मुख्याध्यापक, लातूर जिल्हा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ तुमच्या बाजूनं आहे. शैक्षणिक संस्थेच्या कामाचा भाग म्हणून, विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट संबंध असलेली माणसं एवढ्यांनाच दाखवत असाल तर तो हक्कभंग ठरत नाही. मैदानावर पडदा लावून तिकीट काढून गावाला दाखवलात तर गोष्ट वेगळी. चोरीची कॉपी कुठून तरी उतरवून आणणं हेही वेगळं. आणि सगळा चित्रपटच दाखवायचाय का, याचा वरच्या घोड्याची आठवण ठेवून एकदा विचार करा.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे, बीड जिल्ह्यातल्या गावात राहते. रोज दोन तास ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असे व्हिडिओ बघते. सगळं समजतं. पण बोलायला गेले की तोंडातून काही निघत नाही. माझी बुद्धी कमी आहे का?

बुद्धी कमी असती तर तुला हा प्रश्न पडला नसता. आज एक कर. नेहमीचा व्हिडिओ लाव, हातात घड्याळ घे आणि त्यातले सर किती सेकंद इंग्रजी बोलतात ते मोज. मी एक मोजला. बावीस मिनिटांत पावणेतीन मिनिटं इंग्रजी, तीही सुटी सुटी वाक्यं. बाकी सगळं मराठी. म्हणजे तू दोन तास मराठी ऐकतेस आणि ते तुला समजतं, यात नवल काही नाही.

आणि त्या दोन तासांत तू स्वतः किती बोलतेस? शून्य.

दोन तासांचा अर्धा तास कर. एक छोटा व्हिडिओ घे, एखादी मुलगी आपल्या घराबद्दल, शाळेबद्दल इंग्रजीत सांगते असा. एक वाक्य ऐक, थांबव, तिच्यासारखंच मोठ्यानं म्हण. चढ-उतारासकट. घरात लाज वाटत असेल तर गोठ्यात जा. म्हशी नावं ठेवत नाहीत. मग व्हिडिओ बंद कर, मोबाईल भिंतीला टेकवून ठेव आणि तुझ्या घराबद्दल चाळीस सेकंद बोल, रेकॉर्ड कर. कुणाला पाठवू नकोस. पुढच्या रविवारी तेच पुन्हा कर आणि दोन्ही लागोपाठ बघ. पहिल्यात तू ‘आय… आय… माय हाउस…’ करत असशील. दुसऱ्यात आय एकदाच येईल.

एक छोटी गोष्ट. घरातून निघताना आपण ‘येते’ म्हणतो, म्हणून तू रेकॉर्डिंगच्या शेवटी ‘आय अॅम कमिंग’ म्हणशील. माझ्या नववीतली सगळी मुलं म्हणायची. ऐकणारा दार उघडून तुझी वाट बघत बसेल, म्हणून तेवढं ‘बाय’ म्हण.

प्रश्न : माझं वय ६८. लेकीकडे टोरंटोला सहा महिन्यांसाठी आले आहे. दिवसभर घरी एकटी असते. दुकानात, बसमध्ये, डॉक्टरकडे चार वाक्यं बोलता यावीत एवढीच इच्छा आहे. नातवंडं मला लहान मुलांचे ए फॉर अॅपल व्हिडिओ लावून देतात. अपमान वाटतो.

वाटणारच. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला ‘ए फॉर अॅपल’ कशाला? ते बंद करा आणि स्वयंपाकाचे इंग्रजी व्हिडिओ लावा.

कारण सांगते. नवी भाषा ऐकताना माणूस दोन कामं एकदम करत असतो: शब्द पकडायचा आणि अर्थ लावायचा. स्वयंपाकघरात अर्थ तुम्हाला आधीच माहीत आहे. कांदा परतल्यावर काय करायचं हे व्हिडिओतल्या बाईपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. मग कान फक्त शब्दाला मोकळा. तिनं पीठ हातात घेतलं आणि ‘नीड’ म्हणाली की मळणं. चाळणीत ओतलं आणि ‘ड्रेन’ म्हणाली की निथळणं. गॅस बारीक करून ‘सिमर’. सोलणं ‘पील’. आणि ही सगळी आज्ञेची वाक्यं आहेत, छोटी छोटी, क्रियापदानं सुरू होणारी. डॉक्टरही तुम्हाला असंच सांगणार आहे: ‘सिट हिअर, टेक अ डीप ब्रेथ, ओपन युअर माउथ.’ बसचा ड्रायव्हरही असंच.

तिच्याबरोबर बोलत बोलत करा. ती ‘चॉप’ म्हणाली की तुम्ही सुरी हातात घेऊन ‘आय चॉप’ म्हणा. चूक-बरोबर बघायला घरात कुणी नाही, ही तुमची सोय आहे.

सकाळी टीव्हीवर हवामान लावा, पाच मिनिटं. रोज तीच पंधरा वाक्यं असतात, फक्त आकडे बदलतात. ‘माइनस टेन, फील्स लाइक माइनस एटीन’ हे तुमच्या कानाला कळलं की संध्याकाळी लेकीला सांगा, उद्या जाड कोट घाल. घरात तुमची किंमत लगेच वाढेल.

सुरुवात गाजराच्या एखाद्या पदार्थानं करा. त्यात ती बाई ‘ग्रेट द कॅरट्स’ म्हणेल. ती गाजरांचं कौतुक करत नसते, किसायला सांगते. उच्चार मात्र दोन्हींचा एकच. पदार्थ तिचा बिघडला तर तेवढ्याच किसाचा हलवा करा, आणि नातवंडांना खाऊ घालताना कोणता ‘ग्रेट’ म्हणालात ते मला कळवा.